अठराशे डोळे

चिंबोऱ्या अठ्ठावीस होत्या आणि त्यातली एक सुटली होती.

माधवी फ्रिजखाली झाडू घालून तिला बाहेर काढत होती. साडीवर तिने डेनिमचा एप्रन बांधला होता. त्याच्या छातीवर भरतकामातला भलाथोरला तपकिरी कोंबडा होता, शेपटी पंख्यासारखी पसरलेली, गळ्याखाली काहीतरी लाल लोंबणारं. असे नऊ हजार कोंबडे सध्या अंबरनाथच्या शेडमध्ये खोक्यांत बसून होते. हा एकटा शिवताना वाकडा झाला म्हणून बदलापूरला घरी आला होता.

"त्या पक्ष्याला बघूनच ती आत आत चाललीय," कुंदा खोबरं खवता खवता म्हणाली. "एप्रन काढ, लगेच येईल बाहेर."

"अमेरिकेत खातात याला, कुंदाताई. टर्की. नोव्हेंबरात एक दिवस सगळं घर जमतं आणि हा मधे ठेवतात."

"म्हणजे आपल्या गौरीसारखंच. तिकडे पडदा नसेल एवढंच."

पडदा म्हणजे सासूबाईंची, बनूबाईंची जुनी हिरवी नऊवारी. या घरात गणपती गोड जेवतो आणि गौरी तिखट. दोघं शेजारी शेजारी बसलेले, म्हणून गौरीपुढे मटणाचं आणि चिंबोऱ्यांचं ताट यायच्या वेळी दोन्ही सुनांनी साडीचं एकेक टोक धरून मधे उभं राहायचं. माधवीच्या शलाकाने लहानपणी विचारलं होतं, गणपतीला वास येत नाही का. बनूबाई म्हणाल्या होत्या, येतो की, पन न बघितल्यासारकं करायला त्याला बरं परतं.

कुंदाने खोबऱ्याचं ताट बाजूला सारलं आणि आवाज खाली आणला.

"आज विषय काढणार आहेत हे. जेवणानंतर."

"माहितीये."

"पार्सल कंपनीचा माणूस परवा घरी येऊन चहा पिऊन गेला. पंधरा तारखेपासून शेड हवीय त्यांना. रिकामी."

माधवीने झाडू बाहेर ओढला. चिंबोरी नाही, एक जुनं रबर बँड आलं. "अमेरिकेहून लिंडाबाईंची मेल आलीय काल. हरेशभाई येतायत जेवायला, त्यांच्याकडूनच सगळ्यांनी ऐकावं. मी सांगितलं तर भाऊजींना वाटेल, ही आपल्या सोयीचं सांगते."

कुंदाने तिच्याकडे पाहिलं. अमावास्येच्या शनिवारी ती शेडवरच होती, नारळ धरून. पण त्यावर दोघी बोलल्या नाहीत, कारण पलीकडे बनूबाई वाल सोलत होत्या आणि त्यांना कमी ऐकू येतं यावर घरातल्या कोणाचाच पुरता विश्वास नव्हता.

*

बाहेरच्या खोलीत कुंदाचा नवरा संतोष जगाची घडी बसवत होता.

"साधं आहे. आपण रशियाकडून तेल घेतो, ते त्या अमेरिकेच्या साहेबाला खुपलं. आपल्या मालावर पंचवीस टक्के कर आधीच लावला होता, त्यावर अजून पंचवीस. सत्तावीस तारखेपासून. गणपती बसले त्याच दिवशी. मुद्दाम."

"त्यांना काय माहीत गणपती कधी बसतो?" त्याचा धाकटा भाऊ, माधवीचा नवरा सुजित म्हणाला. तो मोदकाच्या ताटावरची माशी हाकलत होता.

"सगळं माहीत असतं त्यांना."

"पण काका," शलाका मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "तेल घेतलं रिफायनरीवाल्यांनी आणि पनिशमेंट मम्मीच्या कोंबड्यांना. ये क्या लॉजिक है?"

"याला परराष्ट्र धोरण म्हणतात. मोठे वाकडे झाले की मधली माणसं चेपतात. म्हणून शहाण्या माणसाने मधे उभंच राहायचं नाही. पार्सल कंपनीचं कसं, माल इथल्या इथे. उल्हासनगरची जीन्स बदलापूरला, बदलापूरचं जांभूळ डोंबिवलीला. कोणी कोणावर रुसलं तरी लोक पार्सल मागवणारच."

संतोष जमिनी दाखवायचा आणि घ्यायचा-द्यायचा धंदा करत होता. त्यामुळे त्याला नकाशे कळतात असं त्याला वाटायचं, आणि पुष्कळदा ते खरंही असायचं. वाईट माणूस नव्हता तो. सहा वर्षांपूर्वी माधवीने तीन शिलाई मशिनी घेतल्या, तेव्हा "टाक शेडमध्ये, भाड्याचं आई बघेल" असं तोच म्हणाला होता. शेड बनूबाईंच्या नावावर, त्यांच्या माहेरच्या जमिनीतली. बनूबाईंनी भाड्याचं कधी बघितलंच नाही. तीनच्या बावीस मशिनी झाल्या. आणि या सहा वर्षांत एकदाही कोणी म्हटलं नाही, की संतोषने जागा दिली म्हणून झालं. सगळे म्हणतात, माधवीने करून दाखवलं. हे त्याला लागत होतं, आणि लागतंय हे सांगायचीही सोय नव्हती.

"तुझं काय, ओव्हरटाइम चालू आहे ना?" त्याने सुजितला विचारलं.

"चालू आहे."

सुजित ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होता. जगात कुठे खुट्ट झालं की त्याचा डबा दोन वेळचा व्हायचा. सीमेवर तणाव, सुजित रात्री दहाला घरी. बोलणी सुरू, सुजित साडेपाचला घरी. शलाका म्हणायची, बातम्या लावायची गरज नाही, पप्पांची चप्पल दाराशी आहे का बघायचं. या वर्षी चप्पल क्वचितच दिसली होती.

"म्हणजे बघ," संतोष म्हणाला, "जग बिघडलं की तुझं चालतं आणि तिचं बंद पडतं. घरातल्या घरात बॅलन्स."

सुजितने यावर हसायला हवं होतं. तो हसला नाही. "दादा, बावीस बाया आहेत तिथे," तो म्हणाला. एका दमात तो एवढंच बोलायचा.

"त्या बायांचं वाईट मलाही वाटतं रे. पण जहाज कोणी चुकवलं? मी? चोवीसचं जहाज होतं. शनिवारी माल बंदरात पोचला असता तर जुन्या दरात बसला असता, असं हरेशभाईच सांगत होते. गाडी पोचली रविवारी. रविवारी. का, तर शनिवारी तळोज्याला म्हणे पट्टा तुटला. इतकी वर्षं धंदा करून गाडीचा पट्टा बघता येत नाही?"

आत वाल सोलण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

*

हरेश मखीजा उल्हासनगरच्या कॅम्प एकहून रिक्षाने आले ते मिठाईचा डबा, बेलफळाएवढी दोन डाळिंबं आणि घामाने भिजलेला सदरा घेऊन. गणपतीला हात जोडले, गौरीला जोडले, बनूबाईंच्या पाया पडले.

"मावशी, तब्येत?"

"हाय तशी हाय. तू बारीक झालास."

"टॅरिफने केला, मावशी. डायटिंगचे पैसे वाचले."

त्यांचे आजोबा सत्तेचाळीस साली सिंध सोडून तिथल्या एका बॅरकीत दोन गाद्या आणि एक शिलाई मशीन घेऊन उतरले होते. ती मशीन अजून दुकानात काचेच्या कपाटात होती. माधवीचा माल हरेशभाईंच्या नावाने बाहेर जायचा, कापडही त्यांचंच. ते बसले, पाणी प्याले, आणि सगळे जमल्यावर चष्मा लावून फोनवरची मेल मराठीत सांगू लागले. मधे मधे हिंदी पाझरत होतं.

"लिंडा मॅडम बोलतात, मला माल पाहिजे. टर्कीशिवाय माझा नोव्हेंबर खाली जाईल. जे पंचवीस वाढले त्यातले आधे मी घेते, आधे तुम्ही बघा. आज त्यांच्याकडे सुट्टी आहे. उद्या त्यांचं ऑफिस उघडायच्या आत उत्तर द्या, आणि उद्या संध्याकाळपर्यंत माल पोर्टच्या गेटच्या आत पाहिजे. ये वाला जहाज गया, तो टर्की ख्रिसमसला पोचेल. मग त्याला कोण विचारतो?"

"आणि ते आधे कोण बघणार?" संतोषने विचारलं.

"एक हिस्सा मी. माझा कमिशन सोडला. एक हिस्सा माधवीबेन. बायांची शिलाई देऊन झालेली आहे, त्यांचं एक रुपया कमी नाही. आम्हा दोघांना या ऑर्डरमध्ये काही सुटणार नाही, पण बुडणार पण नाही."

"फुकटचा धंदा."

"पुढे ऐका ना, साईं. ही टर्की वेळेवर पोचली तर मार्चसाठी ससे, त्यांच्या ईस्टरचे. बारा हजार ससे. आणि मी ऑस्ट्रेलियाची एक पार्टी पण बघतोय. एका गिऱ्हाइकावर दुकान चालवायचं नाही, हे आता शिकलो." त्यांनी चष्मा काढला. "पण ससे शिवायला जागा पाहिजे."

सगळ्यांनी संतोषकडे पाहिलं. संतोषने पंख्याकडे.

"दुबईहून का नाही पाठवत?" तो म्हणाला. "तुमचे भाऊबंद आहेत की तिकडे. तिथे लेबल बदलायचं, मेड इन कुठलंतरी. मग पन्नासही नाही आणि काही नाही. सगळे करतात."

हरेशभाई थोडा वेळ डाळिंब हातात फिरवत राहिले. "करतात. माझ्या चुलतभावाने मला तेच सांगितलं. मी बोललो, आमच्या खानदानाने एकदा पत्ता बदलला, तो मर्जीने नाही बदलला. आता मर्जीने नाही बदलणार. शिवलंय अंबरनाथमध्ये, लेबलवर पण तेच राहील."

मग बनूबाई उठल्या आणि म्हणाल्या, बारा वाजले, गौरी उपाशी हाय.

*

पडदा धरणं हे वाटतं तेवढं सोपं काम नाही. हात खांद्याच्या वर, साडी जमिनीला टेकलेली, आणि बनूबाई आत गौरीशी बोलत बसतात तोवर हलायचं नाही. दहा मिनिटं सहज जातात. दरवर्षी या दहा मिनिटांत दोघी जावा वर्षभराचं बोलून घेत. एकमेकींकडे बघावं लागत नाही म्हणून असेल.

"खरं सांगून टाक," कुंदा साडीमागून पुटपुटली. "पट्टा तुटलाच नव्हता म्हणून."

"नको."

"शनिवारी गाडी भरून उभी होती. आई नारळ फोडायला आल्या आणि म्हणाल्या, शनिवार त्यात अवस, आज माल बाहेर काढायचा नाही. तू ड्रायव्हरला परत पाठवलंस. रविवारी पोचली तोवर बंदराचं गेटच बंद झालं होतं. एवढंच सांगायचं."

"आणि सणाच्या दिवशी त्यांना काय वाटेल? माझ्यामुळे सुनेचं बुडालं, हेच घेऊन बसतील. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई."

"हे सगळ्यांसमोर तुला हलगर्जी म्हणतायत, ते चालतं?"

"मी नाही म्हणू शकले असते ना शनिवारी. म्हटलं नाही. म्हणजे माझंच चुकलं." माधवीने दुखरा हात बदलला. "आणि खरं सांगू? मलाही जरा बरंच वाटलं होतं थांबलं ते. अवसेला पाठवून काही झालं असतं तर?"

कुंदाला हसू आलं आणि साडीचं टोक हललं. तेवढ्यात शलाका ओरडली नाही, पण तिच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला.

अठ्ठाविसावी चिंबोरी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून तिरपी तिरपी चालत ती गौरीच्या बाजूने आली, साडीच्या काठाखाली क्षणभर थबकली आणि पलीकडे गेली. सरळ गणपतीकडे, मोदकाच्या ताटाच्या दिशेने.

"घुसखोरी," शलाका कुजबुजली.

"पडदा सोडू नका," बनूबाई आतून म्हणाल्या.

"हात कोणाचे मोकळे आहेत?"

सुजितने खुंटीवरचा टर्कीचा एप्रन ओढला, ऑर्डनन्समध्ये बावीस वर्षं घालवलेल्या माणसाच्या शांतपणाने दोन पावलं टाकली आणि चिंबोरीवर तो अलगद टाकला. गोळा करून आत घेऊन गेला. मोदकाला धक्का नाही, मूर्तीला विटाळ नाही, आवाज नाही.

"हे बरं," हरेशभाई म्हणाले. "एप्रन काहीतरी कामाला आला."

आणि मग पडद्यामागे बनूबाई एकदम हसू लागल्या. त्या हसायच्या तेव्हा खोकायच्याही, त्यामुळे दोघी सुनांना नक्की कळेना, की हे हसणं आहे का दुसरं काही. त्या गौरीसमोर जरा जास्तच वेळ बसून राहिल्या. काय बोलल्या ते कोणाला ऐकू गेलं नाही.

*

जेवताना संतोषने विषय काढलाच. मटणाची वाटी पुढे ओढत, फार काही नाही अशा सुरात.

"मी काय म्हणतो, माधवीने सहा वर्षं केलं, छान केलं. पण दिवस बदललेत. तिकडे एक माणूस सकाळी उठून आकडा सांगतो आणि इथे आपल्या घरात ताटावर चर्चा. आज पन्नास, उद्या शंभर, परवा शून्य. कशाच्या भरवशावर? मी पार्सलवाल्यांना शब्द दिलाय. माझ्या धंद्यात शब्दावरच चालतं सगळं. आणि राग येऊ देऊ नका, पण जो गाडीचा पट्टा सांभाळू शकत नाही..."

"अहो," कुंदा म्हणाली.

"बोलू दे मला."

"नाही, मी बोलते. त्या नऊ हजार कोंबड्यांतल्या अठराशेंचे डोळे मी लावलेत."

संतोषचा घास वाटीत राहिला.

"काळा मणी, मागून गाठ. एका कोंबड्याला एकच डोळा, बाजूने दिसतो ना. जूनपासून. तुम्ही ऑफिसला गेलात की दुपारी. आधी माधवीला माणूस मिळेना म्हणून. मग मला आवडायला लागलं म्हणून."

"तू? मजुरीवर?"

"हो. मजुरी घेतली. त्यातून तुमच्या वाढदिवसाचा तो निळा शर्ट घेतला. तुम्ही म्हणालात, फार भारी दिसतो, कुठून आणलास."

शलाकाने पटकन पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. संतोषने बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तिच्या जागी शेजारचा देश बसला होता. ज्याच्याशी आपलं सगळं नीट चाललंय अशी आपली समजूत होती, असा.

"मला नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," कुंदा म्हणाली. मग जरा मऊ झाली. "रिकामी बसायचे हो मी दुपारची. तुमचं सगळं आहे. माझं म्हणून काही नव्हतं."

"बरं," संतोष म्हणाला. "पण पट्ट्याचं काय?"

"पट्टा नव्हता तुटला."

हे बनूबाई म्हणाल्या. त्या चिंबोरीची नांगी फोडत होत्या आणि वर बघत नव्हत्या.

"आई," माधवी म्हणाली.

"गप. मना ठावं हाय. तो डायवर परवा बाजारात भेटला. मना बोलला, आजी, तुमची अवस लय महाग परली. मी त्याला भजी चारली." त्यांनी नांगी ताटात ठेवली. "शनवारी मी थांबवली गारी. हिनं थांबवली नाय. मी बोलले, हिनं ऐकलं. एवराच गुन्हा. मंग सगल्यांनी मिलून पट्टा तोरला, मना लागू नये म्हनून. मी पन गप ऱ्हायले. एवरं जपताय तर जपू द्या, म्हनलं."

संतोष माधवीकडे पाहत राहिला. चार दिवस तो तिला काय काय बोलला होता ते त्याला आठवत असावं, कारण त्याचे कान लाल झाले होते. "सांगायचंस ना मला," तो म्हणाला. दुसऱ्यांदा त्याने हे वाक्य त्याच जेवणात म्हटलं, हे त्याच्याही लक्षात आलं.

"भाऊजी, सहा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला होतात, टाक शेडमध्ये," माधवी म्हणाली. "तेव्हा मी कोणालाच सांगितलं नव्हतं, की कोणी जागा दिली नसती तर मी त्या मशिनी परत करणार होते. दुकानदाराशी बोलून ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात म्हणून राहिल्या त्या. हेही सांगायचं राहिलंच."

संतोष ताटाकडे बघत हिरव्या चटणीत बोट फिरवत राहिला. त्याला पाणी हवं होतं. सुजितने न विचारता तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"शेड माझी," बनूबाई म्हणाल्या. "ससे येऊ दे."

"आई, मी शब्द दिलाय त्यांना."

"मंग त्याला सांग, म्हातारी ऐकत नाय. डोकं फिरलंय म्हन. सही करत नाय म्हन. सगला बाजार मना वलखतो, कोन तुला बोल लावनार नाय." त्यांनी हात धुवायला पाटावरून उठता उठता त्याच्या खांद्याचा आधार घेतला. "माज्या आड हो. परदा कशाला असतो?"

हरेशभाईंनी चष्मा काढून पुसला, जरी त्यावर काही नव्हतं. "मावशी, तुम्हाला दिल्लीला पाठवला पाहिजे."

"तिकरं चिंबोऱ्या मिलत नाय."

*

हरेशभाईंनी तिथेच बसून उत्तर टाइप केलं. शलाकाने इंग्रजी तपासलं आणि एक 'डिअर' वाढवला. संतोष बाहेर ओट्यावर जाऊन फोनवर बोलत होता. अर्धवट आवाज आत येत होता: "काय करणार साहेब, वय झालंय... नाही हो, ऐकतच नाही... आमच्या आईपुढे कोणाचं चालतं?" त्याच्या आवाजात थोडी मजा येऊ लागली होती. फोन झाल्यावर त्याने आत डोकावून विचारलं, खोकी चढवायला माणसं किती लागतील, त्याच्याकडे दोन पोरं आहेत.

"मग गाडी कधी लावू?" हरेशभाईंनी विचारलं. "सकाळी आठ?"

"आठच," माधवी म्हणाली. आणि थबकली.

उद्या गौरी जाणार. या घरात गौर जायच्या दिवशी उंबऱ्याबाहेर काही निघत नाही. पीठ शेजारी द्यायचं नाही, भंगारवाल्याला रद्दी द्यायची नाही. लक्ष्मी एकदाच जाते, तिच्यामागून आपण काही ढकलायचं नाही, हा बनूबाईंचा नियम. सासू होण्याआधीचा, त्यांच्या सासूच्या सासूचा. सगळ्यांना तो एकाच वेळी आठवला. शलाकाने मोबाइल खाली ठेवला.

"आजी, उद्या तर..."

बनूबाई भिंतीशी गेल्या. तिथे खिळ्याला कॅलेंडर टांगलेलं होतं, तिथींच्या चौकोनांत त्यांनी पेन्सिलने मारलेल्या खुणा होत्या: दूधवाला, उपास, गॅस, अवस. सप्टेंबरचं पान वर होतं. त्यांनी चष्मा लावला नाही. दोन्ही हातांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, उलटं केलं आणि पुन्हा टांगलं. आता भिंतीवर मागची बाजू दिसत होती, कसल्याशा पौष्टिक लाडवांची कृती.

"आठला नको," त्या म्हणाल्या. "साताला बोलाव. आनि डायवरला सांग, पोटभर खाऊन जा म्हनाव. मागल्या येलेला मी त्याला उपाशी फिरवला."

मग त्यांनी फ्रिजवर टाकलेला एप्रन घेतला, झटकला, त्या वाकड्या टर्कीला उजेडात धरून पाहिलं.

"कुंदे," त्या म्हणाल्या, "याला डोलाच नाय."